शेवटचा फर्मा आमचा

पुस्तक फाटायला लागतं ते शेवटाकडून. लोकांना वाटतं, आधी कव्हर जातं. नाही हो. कव्हरला आम्ही खाकी कागद चढवायचो, आतून पुठ्ठा लावायचो, ते वर्षानुवर्षं टिकायचं. जातो तो शेवटचा फर्मा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून, घड्या घालून कापलेली सोळा पानं. असे सात-आठ फर्मे एकत्र करून, पाठीला सरस फासला की पॉकेटबुक तयार. वाचणारी बाई शेवटाला आली की अधीर होते, पुस्तक उलटं दुमडून एका हातात धरते आणि दुसऱ्या हाताने आमटी ढवळते. चार घरं फिरून आलं की शेवटची सोळा पानं लोंबायला लागतात आणि पाचव्या घरी कुणाच्या तरी गादीखाली राहतात. मग खुनी कोण ते त्या गादीलाच ठाऊक.

वर्तकनगरला तळमजल्यावरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लायब्ररी चालवायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केली, केबल टीव्ही घराघरांत शिरून मुक्कामाला बसला तेव्हा बंद केली. आमच्या ह्यांना ती खोली शेवटपर्यंत परत मिळाली नाही. पाहुणे आले तर रहस्यकथांच्या कपाटाला टेकून चहा प्यायचे. ह्यांचं रोजचं पालुपद असायचं, ‘या घरात माणसांपेक्षा मुडदे जास्त आहेत.’

आता फर्मा हरवलेल्या पुस्तकाचं करायचं काय? प्रकाशकाला विचारावं तर आवृत्ती संपलेली. टाकून द्यायचं माझ्या जिवावर यायचं. म्हणून एकदा मीच फुलस्केप कागद कापले, सोळा पानं शिवली, वाचलेलं आठवून आठवून शेवट हाताने लिहिला आणि मैद्याच्या खळीने चिकटवून टाकला. खळीत मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळं पानं खात नाहीत. लोकांची फसवणूक नको म्हणून खाली लिहायचे, ‘हा फर्मा आमचा.’ आमचे हे म्हणाले, ‘तू दूधवाल्याला धड चिठ्ठी लिहीत नाहीस, गोष्ट काय लिहिणार?’ मी म्हटलं, दूधवाल्याला कुठे शेवट हवा असतो?

सगळ्यात जास्त फाटायची ती भार्गव तांडेलची पुस्तकं. आता कुणाला आठवणारही नाहीत. हा तांडेल पूर्वी गलबतावरचा, मग स्मगलर लोकांच्या मागे लागलेला. दर दोन महिन्यांनी नवं पुस्तक, आणि प्रत्येकात डेकवर मारामारी, पाण्यात मारामारी, गोदामात मारामारी. लेखकाने समुद्र बहुतेक भेळ खाताखाता लांबूनच पाहिला असावा. पण लोक तुटून पडायचे. मला शेवट आठवला नाही की मीही ठोसे घालायचे. सोळा पानं भरायची म्हणजे गंमत नाही, ठोशांनी पानं भराभर भरतात.

वाचक मात्र माझे मास्तर निघाले. केळकर आजोबा, निवृत्त पोस्टमास्तर, लेन्स लावून वाचणारे. ते एकदा पुस्तक घेऊन ताडताड आले. ‘काकू, पिस्तूल सहा गोळ्यांचं आहे. तुमच्या तांडेलने आठवी झाडली. कुठून आली?’ मी जागच्या जागी दोन माणसांना जीवदान दिलं. पण नीट केलेल्या त्या पानाबद्दल पुन्हा कुणी काही विचारलं नाही. त्याच आठवड्यात सावंतवहिनी आल्या, डोळे लालसर. म्हणाल्या, ‘मारामारी मी भाजी चिरताना वाचते हो, हात थांबत नाही. पण काल तुम्ही त्याला मार खाऊन गोदीच्या पायरीवर बसवलंत, आणि तो आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा बघत बसला. घरी अंगठा लावून द्यायला कुणी नाही, असं त्याच्या मनात आलं ना? माझी भाजी करपली काकू.’

आता खरं सांगायचं तर तो अंगठा मी जागा भरायला लिहिला होता. अर्धं पान उरलं होतं, ठोसे संपले होते. पण त्या दिवसापासून मला एक कळलं. आपल्या लाडक्या माणसाची गोष्ट दुसरं कुणी पुढे लिहायला घेतलं, तर वाचणाऱ्याला तो काय करतो यात फारसा रस नसतो, त्याने ते छापील पुस्तकात भरपूर केलेलं असतं. वाचणाऱ्याला हवं असतं ते छापायचं राहून गेलेलं. त्याला काय वाटलं, कुणाची आठवण आली, घरी जाऊन तो कुणाशी बोलला. मी ठोसे कमी केले. केळकर आजोबा नाराज झाले, पण वर्गणी भरत राहिले.

आता हिराबायचं सांगते. सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय.

हिराबाय कोलशेतची कोळीण. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपाशी टोपली घेऊन बसायची. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची मांजरं खाली यायची. घासाघीस केली की म्हणायची, ‘वयनी, पापलेट हाय, भेंडी नाय.’ तिचा एकुलता एक मुलगा दामू एका व्यापाऱ्याच्या मालवाहू गलबतावर कामाला होता. ते गलबत वादळात बुडालं. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, दामूचं लागलं नाही. झालं. सापडलाच नाही म्हणजे गेला असं म्हणायचं कुणी? हिराबाय म्हणायची, ‘कुटं तरी लागला असंल किनाऱ्याला. इल.’ आणि तिची सून यशू, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली पोर, हातात हिरव्या बांगड्या तशाच ठेवून सासूजवळ राहिली. दोघीच घरात. वर्षं चालली होती.

यशू आठवीपर्यंत शिकलेली. सासूला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी जाळी-टोपल्या आवरून झाल्या की यशू पुस्तक वाचून दाखवायची. नेमकी तांडेलची पुस्तकं न्यायची. समुद्रावरचा माणूस ना तो.

एकदा हिराबाय टोपली बाहेर ठेवून माझ्या दारात आली. ‘वयनी, ते पुस्तक दे ना परत. तो आयसाठी मिठाच्या गोनीत सुका जवला लपवून आनतो आनि आय त्याला शिव्या देते, ते.’

मी कपाट धुंडाळलं. असं पुस्तक नव्हतंच. तांडेलला मुळात आईच नव्हती. लेखकाने त्याला पिस्तूल दिलं होतं, होडी दिली होती, आई द्यायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, बाहेर गेलंय, आलं की देते.

दुसऱ्या दिवशी यशू आली तेव्हा तिला धरलं. ‘काय गं, मिठाची गोणी कुठल्या पुस्तकात आहे?’

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. ‘काकू, आयला सांगू नका. पुस्तकात नुसती हाणामारी असते. मी वाचत होते तर आय बोलली, ह्याला घर नाय का गो? याची वाट कोन बगतं? मग मी मनानेच एक आय घातली.’

‘आणि बाकी?’

ती बांगड्या फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘ते हसताना कानाला हात लावायचे. रागावले की बोलायचे नाहीत, जाळं घेऊन विणत बसायचे. मी तांडेलला तसंच करायला लावते. आय हसते मग. जेवतेपण दोन घास जास्त.’

मी आपली सोळा-सोळा पानं लिहून स्वतःची पाठ थोपटत होते. ही पोर रोज संध्याकाळी, कागदाचा तुकडाही न वापरता, अख्खं पुस्तक नव्याने रचत होती. आणि कशासाठी, तर सासूने जेवावं म्हणून.

त्यानंतर वर्षभरात तांडेलमाला बंद पडली. शेवटच्या पुस्तकाच्या शेवटी जहाजाला आग लागते, तांडेल पाण्यात उडी घेतो, आणि खाली छापलेलं, पुढचा भाग लवकरच. तो लवकर काही उजाडला नाही. लोक माझ्यामागे लागले. केळकर आजोबांना पाणबुडी हवी होती, सावंतवहिनींना तांडेलचं लग्न. आमच्या प्रतीचा शेवटचा फर्मा नेहमीप्रमाणे निखळलाच होता. मी म्हटलं, लिहिते.

यशूही आली. ‘काकू, त्याला परत आणा हं. हे मी मनाने नाही वाचू शकणार. तुम्ही लिहिलंत तर वाचीन.’

आणि मग एका दुपारी हिराबाय आली. टोपली रिकामी, पदराने तोंड पुसत उंबऱ्यावर टेकली. पाणी दिलं तर नुसतं हातात धरून बसली.

‘वयनी, शेवट तू लिवतंस ना? त्या तांडेलला परत नको आनू.’

‘अगं, काय बोलतेस? सगळे म्हणतायत आण म्हणून.’

‘सगल्यांचं काय जातं? त्यांची पोरं घरात हायत.’

मग ती बोलायला लागली. यशूचा भाऊ कल्याणहून दोन-तीनदा येऊन गेला होता. डोंबिवलीला कंपनीत कामाला असलेला एक माणूस त्याने बघितला होता, बायको बाळंतपणात गेलेली. माणूस चांगला होता. पण नवरा गेला असं कुणी म्हणत नाही तोवर यशूचं लग्न कसं व्हायचं? आणि तो गेला असं म्हणायचा पहिला मान आईचा. सगळं गाव हिराबायच्या तोंडाकडे बघत होतं. खुद्द यशू तर विषयच काढू देत नव्हती.

‘मी जा बोल्ली तं ती रडंल. ती रडली का मी रडंल. मंग जा बोलाचं ऱ्हाऊनच जाईल,’ हिराबाय म्हणाली. ‘तोंडानं नाय निगत गो. तू लिव. ती वाचंल, आनि मी समोर बसंल. तिला समजंल.’

‘पण हिराबाय, ती पुस्तकात असतं तसंच वाचते असं नाही...’ मी बोलून गेले आणि जीभ चावली.

हिराबाय हसली. कित्येक दिवसांनी तिला हसताना बघितलं. ‘मना काय येडी समजलीस? छापलेल्या पुस्तकान कानाला हात लावून कोन हसतो? पैल्या दिवशीच समजलं. ती माझ्यासाठी रोज दामूला घरी आनते. पन तिच्यासाठी कोन आनील त्याला?’

मला भडभडून आलं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

लिहायला बसले तर सवय आडवी आली. मी वादळ लिहिलं. लाटा, शिड, विजा, सगळं. हिराबायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘तुफान नको. तुफान मना ठावं हाय. त्याची आय काय बोल्ली ते लिव.’

‘काय बोलली?’

ती माझ्या फरशीवर मांडी घालून बसली. मग एकेक शब्द करून सांगत गेली आणि मी लिहीत गेले. माझ्या हातून ते थोडं पुस्तकी झालं, पण शब्द तिचेच होते. तांडेलला आईच्या जोडीला बायकोही मिळाली; त्याची आई ओट्यावर बसून सुनेची वेणी घालते आणि म्हणते, ‘तो यायचा असेल तर माझ्याच दारात येईल. मी आहे. वाट बघायला एक माणूस पुरे. तू तुझ्या घरी जा. तुला रागावून पाठवत नाही, तुझ्या केसांना तेल लावून पाठवते.’

एवढंच. दोन पानं भरली, बाकीची कोरी राहिली. एरवी मी कोरं पान कधी ठेवत नसे, पण पुढे काही लिहवेना. हिराबायने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. दर दिवशी मासळी संपली की यायची, म्हणायची, ‘वाच.’ मी वाचायचे, ती ओठ हलवत ऐकायची. मग एके दिवशी म्हणाली, ‘आता डकव.’

मी खळ केली, पानं डकवली आणि यशूला पुस्तक दिलं. तिने उत्सुकतेने विचारलं, ‘आणलंत ना परत?’ मी म्हटलं, ‘घरी वाच.’ एकीने एक मागितलं होतं, दुसरीने दुसरं, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं.

पुस्तक परत आणून दिलं ते हिराबायने. टेबलावर ठेवलं आणि टोपली उचलून गेली. दिवाळीनंतर यशूचं लग्न झालं, ती डोंबिवलीला गेली. जाण्याआधी लायब्ररीत आली, वाकून नमस्कार केला. डोळे इतके सुजलेले की मी काही विचारायच्या फंदात पडले नाही. वाचलं असेल तिने, जसं होतं तसं, असं मी धरून चालले.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा हिराबाय आली. ‘वयनी, मना वाचून दाकव ना. पैलं पुस्तक. तांडेलचं.’ मी आनंदाने वाचायला घेतलं. चार पानांत तिची चुळबुळ सुरू झाली. ‘ह्ये ते नाय,’ ती म्हणाली. मी सावध झाले आणि मनाने घालायला लागले. तांडेलला कानाला हात लावून हसवलं, जाळं विणायला बसवलं, आईकडून शिव्या घातल्या. मग माझ्याजवळचं संपलं. दामू भात कालवायचा कसा, आईला हाक कशी मारायचा, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याच्याच घरची मासळी खाल्ली, पण तो पोरगा मी दोनदा लांबून पाहिला असेन.

हिराबायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘ऱ्हाऊ दे वयनी. तू चांगलं वाचतंस.’ टोपली उचलून गेली. त्यानंतर तिने पुस्तक कधी मागितलं नाही. माझ्या मनात तेव्हा आलं ते आजही जात नाही. यशू गेली तेव्हा त्या घरातून दोन माणसं गेली होती, आणि हिराबायला ते आधीपासून माहीत होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला लायब्ररीचं वाचन संपलं. संध्याकाळी लोक टीव्हीपुढे बसायला लागले, केळकर आजोबा गेले, सावंतवहिनी मुलाकडे राहायला गेल्या. हिराबायही त्याच सुमाराला गेली, दोन दिवसांच्या तापात. टाकीपाशी दुसरी बाई बसायला लागली. मी पुस्तकं रद्दीत घालायची ठरवली. ह्यांना वाटलं खोली मिळणार, आनंदात होते, मग गठ्ठे बांधताना तेच एकेक पुस्तक उघडून बघत बसले.

त्या गठ्ठ्यांच्या पसाऱ्यात एक दिवस यशू उभी. अंगाने भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. म्हणाली, ‘काकू, ते पुस्तक आहे?’

ते मी रद्दीत घातलं नव्हतं. काढून दिलं. ती शेवट उघडून बसली आणि त्या दोन पानांवरून बोट फिरवत राहिली.

‘मी हे वाचलंच नव्हतं काकू,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘पहिल्या ओळीला कळलं मला, हे कुणाचं आहे ते. पुढे वाचवेना. मला मनाने घालायचं होतं, तांडेल आला, आईने भाकरी वाढली. दुसरं काहीतरी वाचायला गेले तर तेपण होईना. आय समोर बसलेली. थोडा वेळ बघितलं तिने. मग बोलली, दे हिकडं. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उलटंच धरलं, आणि वाचली. सगळं. एक शब्द चुकली नाही. हे बघा, आता बोटाने बघतेय ना, एक शब्द नाही.’

मला त्या दुपारी आठवल्या. हिराबाय ‘वाच,’ म्हणायची आणि ओठ हलवत बसायची. माझी समजूत, तिला ऐकायला बरं वाटतं. ती पाठ करत होती. यशूच्या तोंडून हे निघणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं.

‘रडली का गं ती?’

‘नाही. मी रडले. तिने पुस्तक मिटलं आणि माझी वेणी सोडली, तेल लावायला.’ यशूने पुन्हा पान उलटलं, मग पुढचं, कोरं. ‘पण शेवटी एक होतं ते इथे नाही. मला वाटायचं तुम्ही लिहिलंय.’

‘काय होतं?’

‘तेल लावून पाठवते, याच्यानंतर. ती बोलली, मासली तुझी मीच आनीन, तिकडं तुला कोन ताजी देनार नाय. आणि आणायची काकू. डोंबिवलीला यायची, डबा घेऊन. दारातच द्यायची. कितीदा बोलले आत ये, बस, तर बोलायची, घरी कुनी नाय, तो आला आनि दार बंद बगितलं तं.’

आम्ही दोघी त्या गठ्ठ्यांवर बसून रडलो. आमचे हे चहा घेऊन आले आणि तसेच परत गेले.

मग मी टेबलावरचं पेन तिच्यापुढे सरकवलं. तिने कोरं पान तळहाताने सपाट केलं आणि मासळीचं ते वाक्य लिहिलं, हिराबायच्या बोलीत, जसंच्या तसं.